भीतीचें मोजमाप

इ. स. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यांत पालघर जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, डहाणू व तलासरी तालुक्यांच्या मुलुखांत, जमीन हालूं लागली. धुंदलवाडी हें गांव आणि त्याच्या भोंवतालचे पाडे यांना त्याची सर्वांत अधिक झळ लागली. धक्के लहान होते. रिश्टर मापावर बहुतेक दोन-तीनच्या आसपासचे. पण एकदां येऊन गेले आणि संपले असें घडलें नाहीं. ते रात्रीं येत, पहांटे येत, कधीं एकाच दिवसांत अनेक वेळां येत. आणि त्यांचें मूळ जमिनींत फारसें खोल नसल्यामुळें कित्येकदां धक्क्याबरोबर खालून घुमल्यासारखा आवाज ऐकूं येई. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं चाराहून किंचित मोठा धक्का बसला, आणि घराबाहेर पळण्याच्या गडबडींत पडून एक दोन वर्षांची मुलगी दगावली. सरकारनें तंबू पाठविले, आश्रमशाळांतील मुलें तंबूंत झोपूं लागलीं, आणि कित्येक कुटुंबें ऐन थंडींत घराबाहेर अंगणांत रात्र काढूं लागलीं.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें व दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्रानें या भागांत भूकंपमापक यंत्रें नेऊन बसविलीं. कोणता धक्का किती वाजतां, किती खोलीवर, किती जोराचा, हें सारें कागदावर आलें. परंतु जीं माणसें अंगणांत झोपलीं होतीं त्यांना नेमकी कशाची भीति वाटत होती, ती किती होती, आणि त्या भीतीपोटीं त्यांनीं काय केलें व काय करतां आलें नाहीं, याची नोंद घेणारें यंत्र कोणत्याही वेधशाळेंत नाहीं. ती नोंद माणसाला विचारूनच घ्यावी लागते. हें विचारण्याचें शास्त्र कसें निर्माण झालें, आणि पालघर, बोईसर व तारापूर या मुलुखाकडे त्याच्या नजरेनें पाहिलें असतां काय दिसतें, हा विषय मनोरंजक आहे, आणि थोडासा अस्वस्थ करणाराहि आहे.

गंमत अशी कीं, भूकंपाच्या मोजमापाचा आरंभ मुळीं माणसाच्या भीतीपासूनच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील रोस्सी आणि स्वित्झर्लंडमधील फोरेल या दोघांनीं भूकंपाच्या तीव्रतेचें दहा पायऱ्यांचें माप तयार केलें. १९०२ सालीं मेर्काल्ली यानें त्यांत सुधारणा केली. या मापांत यंत्राचें काम माणसाकडेच होतें. झोंपलेला मनुष्य जागा झाला काय, टांगलेली वस्तु हालली काय, लोक घाबरून रस्त्यावर आले काय, भिंतींना तडे गेले काय, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून पायरी ठरे. १२ जून १८९७ रोजीं आसामांत प्रचंड भूकंप झाला, तेव्हां भारतीय भूशास्त्रीय खात्याचा अधिकारी ओल्डहॅम यानें जागोजागच्या लोकांकडून हकीकती मागविल्या, आणि त्या हकीकतींवरून नकाशावर रेषा आंखल्या. म्हणजे हिंदुस्थानांतील एका मोठ्या भूकंपाचा नकाशा सामान्य माणसांच्या सांगण्यावरून निघाला. पुढें १९३५ मध्यें रिश्टरनें यंत्राच्या सुईच्या हेलकाव्यावरून भूकंपाचें आकारमान काढण्याची रीत बसविली. रीत अचूक होती व शास्त्राला तिची गरजहि होती. तीव्रतेचे नकाशे त्यानंतरहि निघत राहिले. पण धक्क्याचें मोठेपण ठरविण्याच्या कामावरून माणूस निवृत्त झाला.

त्यापूर्वीं आपल्या किनाऱ्यावर भीतीची नोंद होई ती बहुधा विशेषणांनीं. वसई आज पालघर जिल्ह्यांतच मोडते. मे १६१८ मध्यें त्या शहरावर जें वादळ कोसळलें, त्याचें वर्णन पोर्तुगीज इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे आणि एकोणिसाव्या शतकांतील ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरनें तें उचललें आहे. आभाळ भरून आलें, समुद्र उसळला, घरें आणि देवळें उघडीं पडलीं, सुमारे २००० माणसें मेलीं असें तो म्हणतो. आणि समुद्र आतां शहरच गिळतो कीं काय, या भयानें लोक अर्धमेले झाले होते असेंहि तो नोंदवितो. बखरकाराचें काम तेवढ्यावर भागलें. याच्या अगदीं उलट प्रकार मुंबईच्या बाबतींत झाला. ६ जून १८८२ रोजीं मुंबईंत वादळानें एक लाख माणसें मेलीं, असें विधान जगांतील अनेक याद्यांतून वर्षानुवर्षें छापलें जात आहे. परंतु त्या काळच्या कोणत्याही कागदांत अशा संहाराचा मागमूस सांपडत नाहीं. जें झालें तें विसरावें आणि जें झालें नाहीं तें लक्षांत ठेवावें, अशी समाजाच्या स्मृतीची दुहेरी तऱ्हा आहे.

१८८० च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत वादळाची सूचना देणाऱ्या खुणा लावण्याची पद्धति सुरू झाली. दिवसां आकृत्या, रात्रीं दिवे, आणि प्रत्येक खुणेला एक क्रमांक. कोंकणांतल्या मच्छीमारांनीं ती सारी यंत्रणा एका शब्दांत बसविली : बावटा. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असें म्हटलें कीं सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत अधिक कांहीं सांगावें लागत नाहीं. या बावट्याचें एक वैशिष्ट्य लक्षांत घेण्याजोगें आहे. वारा किती मैलांनीं वाहणार हें त्यावरून तांडेलाला कळत नाहीं, आणि कळून घ्यावेंसेंहि वाटत नाहीं. होडी लोटायची कीं ओढायची, एवढेंच त्याला हवें असतें. अर्थात्‌ ज्या संकटाला बावटा नव्हता त्याची वर्दीहि नव्हती. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं मकरान किनाऱ्यावर भूकंप झाला आणि कांहीं तासांतच त्याच्या लाटा मुंबईच्या किनाऱ्याला येऊन लागल्या. तेथेंहि माणसें बुडालीं. पुढें बरोबर तीन वर्षांनीं, नोव्हेंबर १९४८ मध्यें, मुंबईला लागून चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलें. लाटेची आठवण किनाऱ्यावर फारशी उरली नाहीं, वादळाची उरली. वादळें पुन्हां येत राहिलीं, लाट आली नाहीं, हें त्याचें साधें कारण.

माणसें संकटाविषयीं काय बोलतात, हें पद्धतशीर गोळा करून त्याचा अभ्यास करावा, ही कल्पना प्रथम हिंदुस्थानांतच फळाला आली, हें फारसें कोणाला ठाऊक नसतें. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत महाभूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानें त्यानंतर लोकांत पसरलेल्या अफवा टिपून घेतल्या, आणि १९३५ मध्यें त्यांवर ब्रिटनमधील मानसशास्त्राच्या मासिकांत निबंध लिहिला. गंगेचें पाणी नाहींसें झालें आणि स्नान करणारे लोक वाळूंत गाडले गेले. चंद्रग्रहणाच्या दिवशीं याहून मोठा भूकंप होणार. अमुक तारखेला प्रलय आहे. अशा त्या अफवा. पुढें लिऑन फेस्टिंगर नांवाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हा निबंध वाचीत असतां एका गोष्टीवर थबकला. जेथें धक्का जोरानें जाणवला परंतु फारशी पडझड झाली नाहीं, अशा ठिकाणचे लोक याहून भयंकर कांहीं तरी येणार आहे असें एकमेकांस सांगत होते. भेदरलेल्या मनाला धीर देणारी बातमी हवी असावी, असें कोणीहि म्हणेल. मग हे लोक आणखी भिववणाऱ्या बातम्या कां पसरवीत होते? फेस्टिंगरचें उत्तर असें कीं, भीति आधींच मनांत शिरलेली होती. तिला साजेसें कारण डोळ्यांपुढें दिसत नव्हतें. तें अफवेनें पुरविलें. १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सुप्रसिद्ध सिद्धान्ताची एक ठिणगी येथें पडली. १९५० मध्यें दार्जिलिंगकडे दरडी कोसळल्या, तेव्हां दुर्गानंद सिन्हा यांनीं तेथील लोकांचें बोलणें टिपलें. तेथें विध्वंस प्रत्यक्ष समोर पडला होता, आणि तशा वाढवून सांगितलेल्या भविष्यवाण्या मात्र आढळल्या नाहींत.

धुंदलवाडीची परिस्थिति या दोहोंपैकीं पहिल्या प्रकारांत मोडते. धक्के शेंकडों आणि पडझड बेताची. अशा ठिकाणीं गांवकरी घाबरट आहेत, अडाणी आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात, असें शहरांतल्या माणसाला चटकन्‌ म्हणावेंसें वाटतें. परंतु त्यांची भीति खरोखर अवाजवी होती काय, हें ठरविण्यापूर्वीं तज्ज्ञांच्या भीतीचाहि इतिहास तपासला पाहिजे. तो इतिहास नकाशांत आहे.

भारतीय मानक संस्थेनें १९६२ पासून देशाचे भूकंपप्रवण विभाग पाडणारे नकाशे काढले. पहिल्या नकाशांत एक विभाग ‘शून्य’ होता. म्हणजे तेथें भूकंपाची चिंता नको. दख्खनचें पठार हा जुना, घट्ट, निश्चिंत खडक, अशी त्या वेळची समजूत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरला भूकंप झाला, सुमारे १८० माणसें दगावलीं, आणि १९७० च्या नकाशांतून शून्य विभाग काढून टाकावा लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीला भूकंप झाला व हजारों माणसें घरांतच गाडलीं गेलीं. तो भाग त्या वेळच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागांत होता. २००२ मध्यें पहिला विभागहि रद्द झाला. नकाशा हें तज्ज्ञांच्या भीतीचें चित्र मानलें, तर तें चित्र संकट येऊन गेल्यावर सुधारलें गेलें, असा हा चाळीस वर्षांचा हिशेब आहे.

किल्लारीची गोष्ट येथें थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण धुंदलवाडीच्या प्रश्नाची गांठ तिच्यांतच आहे. महासंहाराच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९९२ मध्यें, किल्लारीच्या परिसरांत असेच लहान धक्के बसत होते. लोक घाबरून घराबाहेर झोपूं लागले होते. मग धक्के विरळ झाले, महिने लोटले, आणि माणसें पुन्हां जाड दगडमातीच्या भिंतींआड, माळवदाखालीं झोपूं लागलीं. गणपतिविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहांटे तींच माळवदें खालीं आलीं. याउलट १९८३ मध्यें ठाणें जिल्ह्यांत भातसा धरणाच्या परिसरांत, आणि १९८६ मध्यें गुजराथेंत वलसाडकडे, असेच धक्क्यांचे थवे आले आणि मोठा भूकंप न होतां विरून गेले. धुंदलवाडी या दोन जागांच्या मधोमध पडते. पालघरचा थवा कोणत्या जातीचा, याचें उत्तर २०१९ च्या फेब्रुवारींत कोणत्याही भूकंपशास्त्रज्ञाला निश्चितपणें देतां येण्यासारखें नव्हतें. भेगांतून मुरलेलें पाणी व भूगर्भांतील द्रवांचा दाब यांवरून पुढें कांहीं उपपत्ति मांडल्या गेल्या. पण ‘उद्यां काय’ हा प्रश्न त्या सोडवीत नाहींत. अशा स्थितींत अंगणांत झोपणें यापेक्षां अधिक समंजस कृति कोणती होती, हें सांगणें कठीण आहे. जुलै २०१९ मध्यें भर पावसांत पुन्हां जोराचा धक्का बसला, भिंत पडून मनुष्य दगावला, आणि पावसांत अंगणहि उरलें नाहीं.

डोंगरावरून उतरून समुद्राकडे यावें तों बोईसर आणि तारापूर लागतात. येथें भीतीचा प्रकार बदलतो. अमेरिकेशीं १९६३ सालीं झालेल्या कराराप्रमाणें तारापूरजवळ देशांतील पहिलें अणुविद्युत्‌केंद्र उभारण्याचें काम १९६४ मध्यें सुरू झालें. म्हणजे कोयनेचा भूकंप झाला तेव्हां तारापूरच्या भिंती उभ्या राहत होत्या. २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं केंद्र रीतसर चालू झालें. त्याच्या महिनाभरच आधीं, सप्टेंबर १९६९ मध्यें, अमेरिकेंतील ‘सायन्स’ साप्ताहिकांत चॉन्सी स्टार याचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. स्टार हा अणुशक्तीच्या कामांतलाच माणूस. किती सुरक्षितता पुरेशी म्हणावी, हा त्याचा प्रश्न. अपघातांचे आंकडे चाळून त्यानें असा निष्कर्ष काढला कीं, स्वखुशीनें पत्करलेला धोका माणसें लादलेल्या धोक्यापेक्षां सुमारे हजारपट अधिक सहन करतात. हा हजाराचा आंकडा पुढें वादग्रस्त ठरला. मूळ निरीक्षण मात्र टिकलें. घिवली किंवा दांडीचा मच्छीमार दर्यांत जातो तो आपल्या मर्जीनें. त्याचा बाप, आजा गेलेला असतो. केंद्र त्याच्या शेजाराला आलें. पुढें तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीच्या वेळीं तर अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवेंच उठवून दुसरीकडे बसवावीं लागलीं. त्या माणसाच्या तागडींत हे दोन धोके एकाच पारड्यांत पडत नाहींत, आणि ते पडावेत अशी अपेक्षा करणें म्हणजे माणसाला वजनाचें माप समजणें होय.

स्टारनें आंकडे पाहिले, माणसांना विचारलें नाहीं. तें काम पॉल स्लोव्हिक व त्याच्या सहकाऱ्यांनीं केलें. अमेरिकेच्या ओरेगॉन प्रांतांतील युजीन या गांवीं त्यांनीं तीस गोष्टींची यादी लोकांपुढें ठेवली आणि त्या धोक्याच्या क्रमानें लावावयास सांगितलें. १९७९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निकालांत, मतदार स्त्रियांच्या संघटनेनें व विद्यार्थ्यांनीं अणुशक्तीला पहिला क्रमांक दिला, तज्ज्ञांनीं विसावा. क्ष-किरणांच्या बाबतींत उलटें झालें : तज्ज्ञांनीं त्यांना सातवा क्रमांक दिला, त्या स्त्रियांनीं बाविसावा. दोन्हींत मूळ वस्तु किरणच; पण एक दवाखान्यांत ओळखीच्या डॉक्टरच्या हातचा, आणि दुसरा तारांच्या कुंपणापलीकडचा. जें दिसत नाहीं, ज्यावर आपला ताबा नाहीं, आणि जें एकाच वेळीं पुष्कळांना गिळूं शकतें, त्याची भीति माणसाला अधिक वाटते, असें त्यांचें अनुमान आहे. या निकालाचा उपयोग बरेच दिवस ‘लोक अज्ञानी, तज्ज्ञ शहाणे’ हें सिद्ध करण्याकडे केला गेला. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत फुकुशिमाच्या केंद्रावर समुद्राची लाट चढली. तेथल्या अणुभट्ट्या पाणी उकळणाऱ्या जातीच्या, तारापूरच्या पहिल्या जोडीच्या कुळांतल्या. त्यानंतर भारतांतील सर्व केंद्रांची सुरक्षितता समित्यांनीं पुन्हां तपासली, आणि पश्चिम किनाऱ्यावर लाट येऊं शकते काय, या संदर्भांत १९४५ चे विसरलेले कागद पुन्हां चाळले गेले.

बोईसरचा रहिवासी मात्र या वादाकडे आणखी एका खिडकींतून पाहतो. औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींत शेंकडों कारखाने आहेत, त्यांत रसायनांचे पुष्कळ. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळीं त्यांतल्या एका कारखान्यांत स्फोट झाला आणि आठ माणसें दगावलीं. पाहणी करणारा मनुष्य ‘नैसर्गिक आपत्ति’ असें शीर्षक घालून भूकंप, वादळ, पूर अशी यादी वाचतो, तेव्हां बोईसरच्या चाळींतला भाडेकरू काय उत्तर देणार? त्याच्या लेखीं निसर्ग आणि कारखाना यांत भिंत नाहीं. भूकंप झाला तर भिंत पडेल ही त्याची एक काळजी, आणि भिंत पडली ती रसायनाच्या टाकीवर पडली तर काय, ही दुसरी.

शिवाय येथें तयारीच्या सूचनाच एकमेकींच्या आड येतात. अणुकेंद्राभोंवतीं १.६ किलोमीटरपर्यंत वस्ती नको आणि १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीची योजना तयार हवी, असा नियम ठरला. बोईसर त्या वर्तुळांतच येतें. केंद्रांत अपघात झाला तर पहिली सूचना अशी : घरांत जा, दारें-खिडक्या लावून घ्या. कारखान्यांतून वायु सुटला तरी बहुधा हीच. भूकंपाच्या वेळीं कच्च्या घरांतल्या माणसाला सांगावें लागतें : मोकळ्यावर जा. वादळाच्या वेळीं किनाऱ्यावरच्या माणसाला : घर सोडा, पक्क्या इमारतींत जा. तिन्ही सूचना आपापल्या जागीं योग्य. परंतु ज्या घरांतील बाईला एकाच छपराखालीं तिन्ही पाळावयाच्या आहेत, तिला मध्यरात्रीं मोठा आवाज ऐकूं आल्यावर आंत जायचें कीं बाहेर, हें कोण सांगणार? तिला ‘तुम्ही तयार आहांत काय’ असें विचारून ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच लिहून घेणें म्हणजे प्रश्न न विचारण्यासारखेंच आहे.

तयारी मोजण्याचीं मापें मुख्यतः दुसरीकडे बनलीं. १९९० मध्यें मुलिलिस व लिप्पा या कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं भूकंपाच्या तयारीचें २७ कलमांचें माप तयार केलें. विजेरी आहे काय, बॅटरीवर चालणारा रेडिओ आहे काय, औषधांची पेटी, पाण्याचा सांठा, जड कपाटें भिंतीला ठोकलीं आहेत काय, अशी त्याची धाटणी. लॉस एंजेलिसच्या घराला तें माप चपखल बसतें. तेंच उचलून धुंदलवाडीच्या वारली पाड्यावर लावलें तर काय होईल? कपाट नाहीं, म्हणून तें ठोकलेलें नाहीं. पाणी दुरून आणावयाचें, तर सांठा दोन हंड्यांचा. घराला शून्याजवळचे गुण मिळतील आणि कुटुंब ‘निष्काळजी’ ठरेल.

पण त्या घराकडे जरा निरखून पाहावें. जुनें वारली घर म्हणजे लांकडी खांबांचा सांगाडा, कारवीच्या काठ्यांचे कुड, त्यांवर शेणमातीचा गिलावा, वर हलकें छप्पर. पांढऱ्या पिठाचीं चित्रें याच कुडावर निघतात व शहरांतल्या दिवाणखान्यांत त्यांच्या प्रतिकृति लागतात. हा कुड धक्क्याबरोबर हालतो, वांकतो, फार तर गिलावा झडतो. निजलेल्या माणसावर कोसळून त्याला मारील एवढें वजनच त्यांत नसतें. किल्लारींत माणसें मारलीं तीं दगडाच्या जड भिंतींनीं. पट्टे न घालतां, कच्च्या चुन्यामातींत रचलेली विटांची भिंत ही कुडापेक्षां दिसायला पक्की आणि भूकंपांत अधिक घातक. म्हणजे ज्या घराला मापावर सर्वांत कमी गुण मिळतील, तेंच एका महत्त्वाच्या अर्थानें सर्वांत तयार असूं शकतें, आणि ज्यानें कर्ज काढून विटांचें घर बांधलें तो आपण अधिक सुरक्षित झालों असें सांगेल. मापानें येथें मोजलें तें घरांतलें सामान. पावसाळी वाऱ्याच्या दृष्टीनें हलक्या छपराची बाजू लंगडी आहे, हेंहि खरें. एका संकटाला भलें तें दुसऱ्याला वाईट, हा पेंच घरालाहि चुकत नाहीं.

भाषेची अडचण निराळीच. इंग्रजींत ज्याला ‘रिस्क’ म्हणतात त्याला मराठींत धोका म्हणावें कीं जोखीम? जोखीम हा मूळचा व्यापाऱ्याचा शब्द, विश्वासानें संभाळायला दिलेल्या ऐवजाचा. धोका या शब्दाला फसवणुकीचा वास आहे. वारली बोलींत, मांगेल्यांच्या बोलींत, किंवा बोईसरला उत्तरेकडून आलेल्या कामगाराच्या हिंदींत हा प्रश्न गेला कीं त्याचा रंग पुन्हां बदलतो. शिवाय प्रश्न कोण विचारतो, यावरहि उत्तर ठरतें. तंबू वांटणाऱ्या कचेरीच्या माणसानें ‘भीति वाटते काय’ असें विचारलें, तर ‘नाहीं’ म्हणणारा मनुष्य तंबूला मुकेल.

तरीहि हीं मोजमापें टाकाऊ नव्हेत. त्यांनीं एक समजूत मोडली, आणि ती मोडणें आवश्यक होतें. लोकांना धोक्याची जाणीव करून द्या म्हणजे ते आपोआप तयारी करतील, ही ती समजूत. गिसेला वाखिंगर व तिच्या सहकाऱ्यांनीं २०१३ मध्यें युरोपांतील अशा अनेक पाहण्या एकत्र चाळल्या. पुष्कळ ठिकाणीं भीति जास्त व तयारी कमी, हेंच त्यांना आढळलें. कारणें शोधतां असें दिसलें कीं, कोणी धोका ओळखूनहि त्या जागीं राहण्यांत लाभ पाहतो. कोणी ही जबाबदारी सरकारची मानतो. आणि कोणाला काय करावें हें ठाऊक असून तें करण्याचें साधन नसतें. बोईसरच्या भाडेकरूला चाळ मजबूत करतां येत नाहीं. ती त्याची नाहीं. धुंदलवाडीच्या शेतमजुराला दुसरें घर नाहीं. ज्याच्या हातांत कांहींच नाहीं त्याची भीति वाढविणें हें काम पुण्याचें तर नव्हेच, उपयोगाचेंहि नाहीं. २०१९ पासून लंडनच्या एका प्रतिष्ठानानें जगभरच्या शंभराहून अधिक देशांत धोक्याविषयीं लोकांची पाहणी सुरू केली आहे. देशादेशांची तुलना तींत होते. पण तारापूर आणि तलासरी यांच्यामध्यें जें अंतर आहे तें अशा पाहणींत एका आंकड्यांत विरघळून जातें.

किनाऱ्यावर मात्र बावट्याची परंपरा असल्यामुळें जाणीव आणि कृति यांमधलें अंतर कमी आहे, असें मानण्यास जागा आहे. तेंहि पूर्वीं इतकें कमी नव्हतें. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ वादळ मुंबई-अलिबागच्या दरम्यान किनाऱ्यावर आलें, तेव्हां पुष्कळ बोटी समुद्रांतच होत्या, आणि कोंकणांतील कित्येक खलाशी परत आले नाहींत. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आलें. पालघर किनाऱ्यावरून हजारों माणसें हलविण्यांत आलीं, आणि वादळ दक्षिणेकडे अलिबागच्या बाजूला उतरलें. पालघर वांचलें. अशा वांचण्याचे दोन अर्थ माणूस लावतो : हललों तें बरें केलें, किंवा उगीच हललों. या दोहोंपैकीं कोणता अर्थ मनांत रुजला, हें पुढल्या बावट्याच्या वेळींच कळतें.

पुढला बावटा वर्षाच्या आंतच लागला. मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकलें. हवामान खात्याची वर्दी दिवस आधीं आलेली होती आणि मच्छीमारांना परत बोलावण्यांत आलें होतें. त्याच समुद्रांत तेलाच्या कामावरचे मोठे तराफे मात्र माणसांसह उभे होते. त्यांतला पी-३०५ हा बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं, त्यांतलीं सुमारे सत्तर गेलीं. दुसरा एक तराफा नांगर तुटून वाहत वाहत उत्तरेला आला आणि पालघर तालुक्यांत वडराईच्या किनाऱ्याजवळ रुतला. त्यावरील १३७ जणांना सुखरूप सोडविण्यांत आलें. वर्दी सर्वांना एकच मिळाली होती. सातपाटीचा तांडेल आणि त्या तराफ्यांवर हुकूम चालविणारे लोक यांनीं ती ऐकून आपापल्या मनाशीं काय हिशेब केला, हें दोघांनाहि एकाच प्रश्नावलीनें विचारण्याजोगें आहे. आजवरच्या पाहण्यांचा रोख बहुधा पहिल्याकडेच राहिला आहे.